आक्काची खिडकी

मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता सुशीलाआक्कानं खिडकीतून 'आगंगिल्ल री, नाळे बर्री' म्हटलं आणि खिडकी लावून घेतली.

शब्द कन्नड आहेत. अर्थ एवढाच, की होणार नाही, उद्या या. कचेरीच्या खिडकीवर हे शब्द ऐकले की आमच्या बेळगावातला माणूस मुकाट्यानं रांग सोडतो आणि समोर चहा प्यायला जातो. पण हे कचेरीत घडलं नव्हतं. आमच्या गल्लीत, आक्काच्या राहत्या घरात घडलं होतं. खिडकीबाहेर पारूवैनी उभ्या होत्या. त्यांच्या आणि आक्काच्या घराची मधली भिंत एकच आहे. लेकीच्या लग्नाच्या साड्या घ्यायच्यात, खडेबाजारात सोबत चल, एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

त्याआधी आक्कानं कुणाला 'नाही' म्हटल्याची आठवण गल्लीत कुणालाही नाही.

पारूवैनींना राग आला नाही. त्या घाबरल्या. आयुष्यभर आपल्याशी मराठीत बोललेलं माणूस एका सकाळी एकदम कन्नडात बोलतं, म्हणजे त्याच्या मेंदूला काहीतरी झालं, असं निदान त्यांनी जागच्या जागी केलं. दहा मिनिटांत गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप पडला की आक्काला वात झालाय, कुणीतरी बघून घ्या. नऊ वाजता निपाणीहून आक्काच्या भाचीचा फोन आला, की तिला जीभ बाहेर काढायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा. साडेनऊपर्यंत खिडकीपाशी बारा-तेरा माणसं जमली आणि आक्कानं आतून खिडकी उघडून सगळ्यांना जीभ दाखवली. दोन्ही हातही वर केले. कारण तेवढ्याला नाही म्हणायचं आमचं ठरलं नव्हतं.

'आमचं' म्हणालो, कारण या सगळ्यामागे मी होतो. मी गर्दीच्या मागे, माझ्या दारात उभा होतो आणि मला इतका आनंद झाला होता, की हातातला चहा सांडला ते मला पायाला चटका बसल्यावर कळलं.

आता आक्का कोण, ते सांगतो.

आक्का एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीत खिडकीवर होती. शेतीचे उतारे द्यायचं काम. लग्न केलं नाही. का केलं नाही ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. खिडकीवरची आक्का मी एकदाच पाहिली, माझ्या वडिलांच्या जमिनीच्या कामाला गेलो होतो तेव्हा. तिनं मान वर केली नाही. कागद उलटा-सुलटा केला, एक सही कमी आहे हे तिला वासानं कळल्यासारखं कळलं आणि ती म्हणाली, 'आगंगिल्ल री. नाळे बर्री.' मी म्हटलं, आक्का, मी आहे. तिनं माझ्या मागच्या माणसाचा कागद हातात घेतला.

दुपारच्या सुट्टीत तीच बाई बाहेर आली, आवारातल्या चिंचेखाली बसली, डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, 'दे तो कागद, मास्तर. भरून देतो मी.' मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, पण जो पुस्तकं वाचतो तो तिच्या लेखी मास्तर. माझ्यानंतर येळ्ळूरचे एक म्हातारे होते, त्यांचाही अर्ज तिनं भरला. त्यांच्या सुनेला वांग्याच्या भाजीत काय घालायचं तेही सांगितलं. मग तीन वाजता ती आत गेली, खिडकी उघडली आणि स्वतःच भरलेले अर्ज डोळे बारीक करून असे तपासले, की म्हाताऱ्यांनी भीतीनं हात जोडले.

खिडकीच्या आत ती सरकारची होती. बाहेर आली की जगाची.

निवृत्त झाल्यावर खिडकी गेली आणि नुसतं जग उरलं. मग तिला कुणी आवरायला राहिलं नाही. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, 'त्यात काय? मी येतो की.' आमच्या भागातल्या बायका 'येते, जाते' असं म्हणत नाहीत, 'येतो, जातो' म्हणतात. पण आक्काचा 'येतो' हा नुसता शब्द नसायचा. तो म्हणेपर्यंत तिच्या एका पायात चप्पल गेलेली असायची. कुणाच्या बाळाला इंजेक्शन द्यायचंय, 'मी येतो की.' कुणाची सासू बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातीय, 'मी येतो की.' एकदा गल्लीच्या टोकाला एक अनोळखी माणूस कुठल्या तरी घराचा पत्ता विचारत होता. त्याला दाखवायला म्हणून ती जी गेली, ती त्या घरातल्या मुलीचा बघण्याचा कार्यक्रम उरकून, पोहे खाऊन, संध्याकाळी परत आली. लग्न ठरलंसुद्धा. मुलाकडच्यांना वाटलं ती मुलीची मावशी, मुलीकडच्यांना वाटलं ती मुलाची.

तिच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक लाकडी पट्टी आहे. तिला चौदा खिळे. त्यांवर गल्लीतल्या चौदा घरांच्या किल्ल्या. नोकरीला जाणारी सगळी माणसं किल्ली आक्काकडे देऊन जायची. त्यामुळे आक्काला घरातून हलता यायचं नाही, कारण किल्ली मागायला कुणीतरी येणार. आणि घरात थांबताही यायचं नाही, कारण बाहेर कुणीतरी बोलावलेलं. या दोन्हींतून तिनं काढलेला मार्ग म्हणजे पळणं. त्रेसष्ट वर्षांची बाई गल्लीतून पदर खोचून पळताना दिसली, की नवीन माणसं कुठं आग लागली का ते बघायची.

तिचं जेवण चार वाजता. कधी पाच वाजता. तिला साखरेचा आजार होता आणि त्याच्या गोळ्या आठवतील तेव्हा. आमच्या गल्लीत मारुतीआप्पा म्हणून एक वयोवृद्ध आहेत, त्यांनाही साखर. त्यांच्या गोळ्या संपल्या की आक्का आपल्यातल्या काढून द्यायची, वाटीभर साखर द्यावी तशी. गोळीचा रंग वेगळा आहे असं आप्पा म्हणाले तेव्हा ती म्हणाली, 'पोटात अंधारच हाय, आप्पा. रंग कोण बघतंय?'

या बाईच्या डाव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली आणि तिनं ती तीन महिने कुणाला सांगितली नाही.

गल्लीतल्या प्रत्येकाला तिनं कधी ना कधी दवाखान्यात नेलं होतं. स्वतःला दाखवायला मात्र ती एकटी गेली. डॉक्टर तिला पंधरा वर्षं ओळखत होते, पण दुसऱ्याची फाईल हातात धरलेली बाई म्हणून. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, 'आज कुणाला घेऊन आलात?' आणि आक्कानं मागं वळून बघितलं. हे तिनंच मला सांगितलं, मोठा विनोद म्हणून.

मग डॉक्टरांनी पाय बघितला आणि विनोद संपला. सहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही. न्हाणीघर सोडून कुठंही चालायचं नाही. वेळेवर जेवण, वेळेवर गोळी, दर गुरुवारी ड्रेसिंग. ऐकलं नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि अंगठ्यावर थांबेल असं मी सांगत नाही, असं ते म्हणाले.

ती माझ्याकडे आली तीही चालतच. पायरीवर बसली. म्हणाली, 'मास्तर, तू एवढी पुस्तकं वाचतोस. नको कसं म्हणायचं ते शिकवायला येतंय काय तुला?'

इथं मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. गेल्या वर्षी माझी बायको मालती वारली. पाच महिने आजारी होती. त्या पाच महिन्यांत आमच्या घरची पेज, औषधं, चादरी, भेटायला येणाऱ्यांना अडवणं, सगळं आक्कानं केलं. शेवटच्या आठवड्यात मालती दवाखान्यात होती आणि एका दुपारी तिला दही खावंसं वाटलं. आक्का गेली. परत आली तेव्हा तिच्या डाव्या पायात चप्पल नव्हती; वाटेत चपलेचा अंगठा तुटला म्हणून ती तिथंच टाकून, तापलेल्या डांबरावरून तशीच आली होती. मी ते पाहिलं. पाहिलं आणि काही बोललो नाही, कारण मालती दही खात होती आणि मी तिकडे बघत होतो. जखम त्या दिवशीची आहे असं आक्का कधी म्हणाली नाही. मी विचारलं तर म्हणायची, 'कशाची काय म्हाईत.' पण मला डावा पाय आठवतो.

मालती गेल्यापासून मला कुणी काही मागितलं नव्हतं. दुःखातल्या माणसाला लोक सांभाळून घेतात, म्हणजे त्याला कशातच घेत नाहीत. त्या संध्याकाळी आक्कानं मला काहीतरी मागितलं. मी इतका उत्साहात आलो, की रात्रीची भाकरी उभ्यानं खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. मी वहीत वाक्यं लिहून नेली होती. पहिलं वाक्य असं, की 'सध्या प्रकृती ठीक नसल्यामुळे आपल्या विनंतीला मान देता येत नाही, क्षमस्व.' आक्कानं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, 'ह्ये कुणाच्या तेराव्याचं पत्रक हाय?'

मग ठरलं की तोंडी सराव करायचा. मी डोक्यावरून टॉवेल घेतला आणि पारूवैनी झालो. आयुष्यात मी नाटकात काम केलेलं नाही.

'आक्का, दुधाकडं जरा बघतीस काय?'

'बघतो की. गॅस बारीक करून जा.'

'आक्का, तू नाही म्हणायचं होतंस.'

'व्हय रं, पण दूध उतू जाईल की.'

'दूध नाहीच आहे, आक्का.'

'नासलं काय? थांब, माझ्यातलं देतो.' आणि पाय स्टुलावरून खाली.

चार दिवस असंच चाललं. मी पारूवैनी झालो, आप्पा झालो, निपाणीची भाची झालो. प्रत्येक वेळी आक्काचं तोंड 'न' म्हणण्यासाठी उघडायचं आणि आतून 'मी येतो की' बाहेर पडायचं. पाचव्या दिवशी मी वैतागलो. तिच्या पुढच्या खोलीला गल्लीकडची एक खिडकी आहे, लोखंडी गजांची, दोन फळ्यांची. मी उठलो, आक्काची खुर्ची त्या खिडकीला लावली, तिचा पाय स्टुलावर ठेवला, खिडकीची एक फळी लावली, एक उघडी ठेवली. बाहेर गल्लीत जाऊन उभा राहिलो आणि माझ्या पुस्तकी कन्नडात शेताचा उतारा मागितला.

'आगंगिल्ल री,' आतून आवाज आला. 'नाळे बर्री.'

मान वर नाही. आवाजात राग नाही, दया नाही, सबब नाही. एकतीस वर्षांची सवय.

मी म्हटलं, दुधाकडं बघता का? कन्नडातच. ती म्हणाली, 'आगंगिल्ल री.' बाजारला येता का? 'आगंगिल्ल री.' माझ्या मुलीच्या लग्नात लाडू वळायला? 'नाळे बर्री.' मग तिनं मान वर केली. आम्ही गजांतून एकमेकांकडे बघत राहिलो. मला वाटतं एखादं यंत्र पहिल्यांदा सुरू झाल्यावर ते बनवणारे असेच बघत असतील. आक्का हळू आवाजात म्हणाली, 'मास्तर, गंज चढला न्हाय अजून.'

त्यानंतरचा दिवस तो मंगळवार.

वात नाही हे कळल्यावर गल्लीचं मन दुखावलं. आणि मन दुखावल्यावर लोक मारुतीआप्पांकडे गेले. आप्पा म्हणजे आमच्याकडचे सीमाप्रश्नाचे जुने कार्यकर्ते. मोर्चा कुठलाही असो, आप्पा पुढच्या रांगेत. त्यांच्या घरावरची पाटी मराठीत, पत्रिका मराठीत, मांजरालासुद्धा ते मराठीतच रागावतात. ते काठी टेकत आले, खिडकीसमोर उभे राहिले. पाठीमागं गल्ली.

'सुशीला,' आप्पा म्हणाले, 'माणसानं नको म्हणावं. त्याला माझी हरकत न्हाय. पण आपल्या माणसाला आपल्या भाषेत म्हणावं.'

आक्कानं खिडकीची दुसरी फळीही उघडली. मग मराठीत म्हणाली, 'आप्पा, आपल्या भाषेत माझ्या तोंडातनं निघतच न्हाय ओ. तुम्ही सगळी आपली हाईसा.'

आप्पांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. घसा साफ केला. आणि आता आलोच आहे तर, या हिशेबानं म्हणाले, की नातू शनिवारी सांबऱ्याहून विमानानं चाललाय, पहिलाच प्रवास, जरा सोबत आलीस तर बरं होईल.

'आगंगिल्ल री,' आक्का म्हणाली.

'बरोबर हाय,' आप्पा म्हणाले आणि मागं वळले.

म्हणजे प्रश्न तत्त्वतः सुटला. पण आमची गल्ली हार मानणारी नाही. खिडकीवर कन्नड मिळतं हे कळल्यावर लोक परसदारानं यायला लागले. मागच्या दाराला खिडकी नाही, गज नाहीत. तिथं माणूस थेट चुलीपाशी येतं आणि 'आक्का गं' म्हणतं. मागच्या दारानं आक्काचा रोज पराभव व्हायचा. मी कॉलेजातून येऊन बघावं तर तिच्या मांडीवर कुणाचं तरी बाळ, समोर सोलायला कुणाच्या तरी शेंगांनी भरलेलं सूप, आणि पाय खाली. मी परसदाराला आतून कडी घातली आणि कडीला कुलूप घातलं. पारूवैनी मला 'जेलर' म्हणायला लागल्या. मला राग आला नाही. मी एका अंगठ्यासाठी लढत होतो.

अंगठा ऐकत होता. पहिल्या गुरुवारपेक्षा दुसऱ्या गुरुवारी जखम लहान, दुसऱ्यापेक्षा तिसऱ्या. हे मला आक्का सांगायची, कारण ड्रेसिंगला ती एकटीच रिक्षानं जायची. मी सोबत येतो म्हटलं की म्हणायची, 'नको रं, तुला कशाला तरास? दारातनं रिक्षा, दारात रिक्षा.' मदत नाकारायची असली की तिचं मराठी अगदी स्वच्छ चालायचं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी विजयाच्या गडबडीत होतो.

तिसऱ्या आठवड्यात गल्ली खरोखरच सुधारली. लोक वाईट नव्हतेच. सवय लागलेली होती. आता त्यांना वाईट वाटायला लागलं. आक्काला त्रास नको, असं एकमेकांना सांगायला लागले. कुणी काही मागायला येईना. मग एकेक जण येऊन, आक्काला उठवायला नको म्हणून, माझ्याकडून आपापली किल्ली घेऊन गेला. कुणी ऑफिसात घेऊन जायला लागलं, कुणी कुंडीखाली ठेवायला लागलं. मीच ती काढून देत होतो. चौदाच्या दहा झाल्या, दहाच्या चार, आणि चौथ्या आठवड्याच्या सोमवारी पट्टीवर नुसते खिळे राहिले.

त्या संध्याकाळी मी जिंकल्यासारखा आत गेलो. आक्का खिडकीत बसली होती. पाय स्टुलावर. खिडकीच्या दोन्ही फळ्या उघड्या. सकाळची भाकरी झाकलेली तशीच होती. मी म्हटलं, 'आक्का, आज दिवसभर कुणी आलं नाही ना?'

'न्हाय.'

'बघ. शिकली गल्ली.'

ती बाहेरच बघत होती. म्हणाली, 'मास्तर, कचेरीत मी नाळे बर्री म्हटलेलं माणूस दुसऱ्या दिवशी येतंच हुतं. सगळी येत हुती. हितं कोणच आलं न्हाय रं.'

मी पट्टीकडे बघितलं. रिकामा खिळा कसा दिसतो ते मला माहीत आहे. माझ्या दारामागं एक आहे. मालतीची पिशवी तिथं असायची. ती गेल्यापासून मी तो रोज बघत होतो आणि इथं स्वतःच्या हातानं चौदा करून ठेवले होते.

मी रात्रभर पुस्तकं चाळली असती, पण या बाबतीत पुस्तकांचा उपयोग नव्हता. चूक साधी होती. मी तिला अर्धाच धडा दिला होता. नाही कसं म्हणायचं ते शिकवलं. ये कसं म्हणायचं, ते तिलाही येत नव्हतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिची खुर्ची उचलून गल्लीत, खिडकीच्या बाहेर मांडली. समोर स्टूल. तिला धरून आणून बसवलं, पाय वर. मी आत गेलो आणि खिडकीत बसलो, एक फळी लावून.

'आता तू माग,' मी म्हटलं.

'काय मागू?'

'तुला काय पाहिजे ते.'

'मला काय पाहिजे? काय नको मला.'

'मग रांगेतून बाहेर हो,' मी म्हटलं. 'मागची माणसं खोळंबलीत.'

ती हसली. मग हसायचं थांबली. मराठीत सुरुवात केली, सोडली. कन्नडात सुरुवात केली, सोडली. पदराच्या टोकाला गाठ मारली, उकलली. आक्का गल्लीत खुर्ची टाकून बसलीय हे बघून दारं उघडायला लागली होती. पारूवैनी ओट्यावर आल्या. आप्पा काठी टेकत आले. मी खिडकीतून सगळं बघत होतो.

'गुरुवारी,' आक्का म्हणाली, इतक्या हळू की मला गजांना कान लावावा लागला, 'दवाखान्यात जायचं हाय. एकटीला तिथं बाकड्यावर बसायला... कसं तरी वाटतंय. कोण आलं असतं तर.'

माझ्या तोंडात उत्तर होतं. पण माझ्याआधी मागून पारूवैनी म्हणाल्या, 'त्यात काय? मी येतो की.'

आणि त्यांच्या एका पायात चप्पल होती.

गुरुवारी दोन रिक्षा भरल्या. आप्पा पुतण्याच्या स्कूटरवर मागं बसून आले. निपाणीची भाची पहाटेची बस धरून आली. फाईल कुणी धरायची यावरून पारूवैनी आणि भाची यांच्यात वाद झाला. शेवटी फाईल पारूवैनींकडे आणि औषधाची चिठ्ठी भाचीकडे, अशी वाटणी झाली. दवाखान्यातली नर्स म्हणाली, 'पेशंट सोडून बाकीच्यांनी बाहेर थांबा.' कुणीही हललं नाही. डॉक्टरांनी चष्म्यावरून आम्हां नऊ जणांकडे बघितलं आणि सवयीनं विचारलं, 'आज कुणाला घेऊन आलात?'

'आज मलाच घेऊन आलेत,' आक्का म्हणाली.

मग आप्पा पुढं झाले. जखम किती भरली, अजून किती दिवस, भात खाल्ला तर चालेल का, चप्पल कसली घालायची, सगळं त्यांनी डॉक्टरांना विचारलं, कारण डॉक्टर मूळचे धारवाडकडचे आणि काही गैरसमज व्हायला नको. आप्पांचं कन्नड इतकं गोड आहे हे आमच्या गल्लीला त्या दिवशी कळलं. त्या विषयावर नंतर कुणी काही बोललं नाही.

डॉक्टर म्हणाले, अंगठा राहतोय. अजून दोन आठवडे बसा. पारूवैनी तिथंच रडल्या. साड्यांसाठी बोलवायला आलो होतो तेव्हा मला काय माहीत होतं, असं त्या नर्सला तीनदा सांगत होत्या.

परत आल्यावर चहा झाला, तो आक्काच्या घरात, पण आक्कानं केला नाही. तिला खुर्चीत बसवून बाकीच्यांनी केला. साखर कुठं, गाळणं कुठं, हे ती बसल्या जागेवरून सांगत होती आणि दर दोन मिनिटांनी उठायचं सोंग करत होती. एकेक करून सगळे गेले. मी निघालो तेव्हा ती म्हणाली, 'मास्तर, थांब जरा.'

तिनं मला कपाटातली पिठाच्या रंगाची एक पुरचुंडी काढायला सांगितली. तिच्यात दोऱ्यात ओवलेली किल्ली होती.

'एवढ्या लोकांच्या किल्ल्या ठिवल्या मी,' ती म्हणाली. 'माझी कुणाकडंच न्हाय. गेल्या पावसाळ्यात एकदा चक्कर येऊन पडलो हुतो, न्हाणीत. दाराला आतनं कुलूप. तिथंच पडून इचार केला, आता दार कोण उघडणार? मग आपलं आपणच उठलो.' थांबून म्हणाली, 'ठिवून घेशील काय? जमत असलं तर. न्हाय जमलं तर न्हाय म्हण, मला राग न्हाय येत.'

मी दोऱ्याची गाठ बघत राहिलो. गेल्या पावसाळ्यात ती रोज आमच्याकडं, मालतीपाशी होती. रोज. माझा उशीर तिला नकार वाटला असावा, कारण ती घाईनं म्हणाली, 'ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. नाळे बर्री म्हण.'

मी किल्ली घेतली.

याला आता चार महिने झाले. अंगठा आहे. त्याच्याखाली नखाएवढा खड्डा आहे. आक्काची खिडकी दुपारी एक ते चार बंद असते, त्या वेळात ती जेवते आणि पाय वर करून पडते. चौदांपैकी सहा किल्ल्या पट्टीवर परत आल्या आहेत. तिच्या घराची किल्ली माझ्या दारामागच्या खिळ्याला आहे.